मुगाचे कवच आईचे असते
पदव्युत्तर प्रबंधासाठी मुगातील बीजसुप्तावस्थेच्या, म्हणजे पक्व दाणा काही काळ न उगवता राहण्याच्या गुणाच्या, आनुवंशिकतेचा विषय मी घेतला, त्याचे कारण घरच्या शेतातले होते. भाद्रपदातल्या झडीत, तोडणीला आलेल्या शेंगांमध्येच दाण्यांना मोड फुटलेले मी लहानपणापासून पाहिले होते. जंगली मुगाचे टणक बीजावरण पाणी आत शिरू देत नाही, त्यामुळे त्याचे दाणे शेंगेत असे फुटत नाहीत. माणसाने मात्र हजारो वर्षे पेरताच एकदम उगवणारे दाणेच पुढे नेले आणि लागवडीच्या मुगातून तो टणकपणा जवळजवळ गेला.

नागपुरात, महाराजबागेलगतच्या प्रक्षेत्रावर, मी लागवडीचे वाण मादी आणि जंगली मूग नर धरून संकर केला. संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि सकाळी परागकण लावायचे, हे काम हाताला लवकर बसले. पण संकरित दाणे भिजवले तेव्हा ते सगळेच फुगले. जंगली बापाचा टणकपणा त्यांत आला नाही, म्हणजे संकर फसला असे समजून मी ते टाकूनच देणार होते, तेव्हा मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, आतला गर्भ नव्या पिढीचा असला तरी कवच आईचेच असते ना!"

बीजांडाच्या आवरणापासून बनणारे कवच आईच्या झाडाचा जनुकप्रकार, म्हणजे तिची जनुकरचना, दाखवते, हे पुस्तकात वाचूनही मला कळले नव्हते. त्या संकरित दाण्यांपासून वाढलेल्या पहिल्या पिढीच्या झाडांवर आलेले दाणे मात्र टणक निघाले. पेरण्यापूर्वी त्यातील प्रत्येकाला नाभीच्या (दाणा शेंगेला जोडलेला असतो त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूस ब्लेडने चीर द्यावी लागली. त्यातून उगवलेल्या दुसऱ्या पिढीत कोणते झाड कोणत्या प्रकारचे, हे त्या झाडाने धरलेल्या दाण्यांवरूनच कळणार होते. म्हणून प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवल्या, आणि एका हंगामाचे गणित दोन हंगामांवर गेले.

दाणे भिजवण्याच्या चाचणीतही एक मेख होती. दाणा जितका सुकतो तितके कवच घट्ट होते; म्हणून नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर वाळलेले दाणे आणि सावलीतले दाणे यांची तुलना केली असती, तर उन्हाचा परिणाम जनुकांच्या नावावर गेला असता. सर्व दाणे आधी सारख्या ओलाव्यावर आणले. सातव्या दिवशीही न फुगलेल्यांना चीर देऊन पुन्हा भिजवले, तेव्हाच टणक दाणा आणि मेलेला दाणा वेगळे ओळखता आले.

2015 साली सोयाबीनमध्ये कवचाच्या अपारगम्यतेशी निगडित जनुक सापडले होते, त्यामुळे माझ्याही झाडांत एकाच जनुकाचे, तीन टणकांस एक मऊ असे साधे गुणोत्तर दिसेल अशी मला आशा होती. प्रत्यक्षात मधल्या टणकपणाची झाडे बरीच निघाली. माझ्या मते उपयोगाची तीच आहेत, कारण पूर्ण टणक बी शेतात विरळ उगवते आणि स्वयंपाकात गणंग ठरते. आम्हाला हवी आहे ती पक्वतेनंतर दहा-पंधरा दिवसांची झोप. यंदाच्या खरिपात त्या मधल्या झाडांचेच बी पेरले आहे.