‘निघालेच’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

लीड्सला आले त्या पहिल्याच महिन्यात डॉक्टरकडे नाव नोंदवायला गेले. इथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला ‘सर्जरी’ म्हणतात. त्यामुळे ‘उद्या सर्जरीत जायचंय’ असं मी फोनवर म्हटल्याबरोबर तिकडे सांगलीत आईने देव पाण्यात घालायची तयारी केली, तो किस्सा वेगळाच. तर तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? थायरॉइडची गोळी मला दोन वर्षं चालू होती. मी ठसक्यात सांगितलं, ‘‘आय टुक थायरॉक्सिन फॉर टू इयर्स.’’

बाईंनी टाइप करता करताच विचारलं, ‘‘अँड व्हेन डिड यू स्टॉप?’’

थांबवली? मी कशाला थांबवेन? त्या दिवशी सकाळीसुद्धा उपाशीपोटी घेऊन आले होते. मला वाटलं, बाईंचं लक्ष नाही. त्यांना वाटलं असणार, ही काहीतरी लपवतेय. शेवटी मी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ‘‘ओह, यू हॅव बीन टेकिंग इट!’’ म्हणाल्या आणि आधी टाइप केलेलं सगळं पुसलं.

घरी येताना बसमध्ये विचार करत होते. मराठीत बोलले असते तर मी ‘घेतली’ म्हटलंच नसतं, ‘दोन वर्षं घेतेय’ म्हटलं असतं. पण ‘फॉर’ आणि ‘सिन्स’बरोबर ‘आय अ‍ॅम टेकिंग’ म्हटलं की आमचे सर फळ्यावरूनच डस्टर भिरकावायचे. त्यामुळे ते चालत नाही एवढं पक्कं डोक्यात बसलेलं. मग चालतं काय, ते ऐन वेळी आठवेना, म्हणून घेतली सरळ भूतकाळात उडी.

आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलो ते तक्त्यातून. उभे तीन काळ, आडवे चार प्रकार, एकूण बारा चौकोन. तो तक्ता मला आजही झोपेत म्हणता येईल. पण कुठला चौकोन केव्हा उघडायचा, हे त्या तक्त्यात नव्हतं.

म्हणून मी इथल्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला जायला लागले. या वर्गांना ‘ईसॉल’ म्हणतात, बाहेरून आलेल्यांसाठी असतात. ‘तुला इंग्रजी येतं की, तू कशाला?’ असं नवरा म्हणाला. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा वर्ग तोच. शेजारी एक चिनी काका बसायचे. चिनी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही, ‘काल’ म्हटलं की काम झालं. त्यामुळे ते निवांतपणे ‘यस्टर्डे आय गो’ म्हणायचे आणि बाई कपाळाला हात लावायच्या. पलीकडे एक पोलिश मुलगी होती. तिच्या भाषेत बहुतेक क्रियापदांची जोडी असते. एक नुसतं करत राहण्याचं, दुसरं करून पुरं करण्याचं. लिहिण्याला ती म्हणाली ‘पिसाच’, आणि लिहून पुरं करण्याला ‘नापिसाच’. पहिला शब्द ऐकून मी दचकले, पण मुद्दा लगेच कळला. आपण नाही का ‘लिहीत होते’ आणि ‘लिहून टाकलं’ यात फरक करत?

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की, मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली आणि केळं खाल्लं, तर तिन्ही वेळा क्रियापद बदलतं. बाईंनी खडू खाली ठेवला. खाणारी तू एकच ना, म्हणाल्या. हो, पण क्रियापद माझ्याकडे बघत नाही, ताटाकडे बघतं! त्या दिवसापासून वर्गात माझा भाव जरा वाढला.

‘हॅव’चं कोडं मात्र त्याच बाईंनी सोडवलं, तेही तक्ता न काढता. त्या दाराबाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि काचेतून ओरडल्या, ‘‘आय हॅव लॉस्ट माय कीज!’’ म्हणजे मी अजून बाहेरच आहे, कुणीतरी काहीतरी करा. मग आत येऊन खुर्चीत बसल्या आणि आरामात म्हणाल्या, ‘‘आय लॉस्ट माय कीज.’’ ती नुसती गोष्ट. किल्ल्या मिळाल्या असतील, नसतील, आत्ताशी तिचा काही संबंध नाही. माझ्या गोळीचंही तेच झालं होतं. ‘टुक’ म्हणून मी ती गोष्ट तिथेच संपवून टाकली होती.

इथवर आपलं मराठी बऱ्यापैकी साथ देतं, कारण ‘किल्ल्या हरवल्यात’ आणि ‘किल्ल्या हरवल्या’ हा फरक आपल्याकडेही आहे. फसगत पुढे होते. ‘मी त्याला काल पाहिलंय’ हे मराठीत बिनधास्त चालतं. इंग्रजीत ‘हॅव सीन’ म्हटलं की ‘यस्टर्डे’ म्हणायची सोय नाही. ‘काल’ हा संपलेला दिवस, आणि ‘हॅव’ला दोरीचं एक टोक आजच्या हातात लागतं. हे इंग्लंडचं झालं. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीला तिथले लोक ‘डिड यू ईट येट?’ विचारतात, मला इथले ‘हॅव यू ईटन येट?’ विचारतात. ती म्हणते, आमच्याकडे असलं काही लागत नाही.

आणि ते ‘वुड’! शाळेत ‘विल’चा भूतकाळ ‘वुड’, एवढं पाठ करून सोडून दिलं होतं. आमच्या शेजारच्या आजीबाई एकदा कुंपणापलीकडून सांगू लागल्या, ‘‘वी वुड गो टू व्हिटबी एव्हरी समर.’’ व्हिटबी हे इथलं समुद्रकाठचं गाव. मी वाट बघतेय, आता ‘इफ’ येईल. गेलो असतो, पण काय? पैसे नव्हते? गाडी नव्हती? ‘इफ’ काही येईना. आजीबाई मासे, बटाटे, वाळू सगळं सांगून आत गेल्या, तेव्हा उलगडलं की ते नुसतं आपलं ‘जायचो’ होतं. दर उन्हाळ्यात व्हिटबीला जायचो. त्यांचे यजमान गेल्याचंही मला असंच, त्यांच्या क्रियापदातून कळलं. ‘‘ही लाइक्ड हिज टी स्ट्राँग.’’ ‘आवडायचा’ म्हणाल्या, ‘आवडतो’ नव्हे. मी पुढे काही विचारलं नाही.

दुकानातली गंमत याहून सोपी. काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘‘डिड यू वाँट अ बॅग?’’ पहिल्यांदा मी गडबडले. मी कधी मागितली होती पिशवी? आत्ताचं विचारायला भूतकाळ कशाला? मग आठवलं, आमच्या सांगलीच्या वाण्याने जन्मभर मला ‘काय हवं होतं?’ असंच विचारलंय. आणि मी स्वतः ऑफिसात साहेबांच्या टेबलाशी जाऊन ‘एक काम होतं तुमच्याकडे’ म्हणत आले, काम समोर हातात धरून. थोडं मागे सरकून बोललं की बोलणं नरम होतं, हे दोन्हीकडे कुणी न शिकवता चालतं. ‘आय वॉज वंडरिंग’ची भीती मला त्या दिवसापासून वाटली नाही.

इथले लोकही तक्ता पाळत नाहीत, हे जाता जाता सांगते. यॉर्कशायरमध्ये ‘आय वॉज सॅट देअर’ म्हणतात, ‘सिटिंग’ नाही. ‘आय वर’ म्हणणारेही पुष्कळ. आमच्या सरांनी एकेकाला बाकावर उभं केलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई तीन महिने आल्या होत्या. त्यांचं आणि आजीबाईंचं चांगलंच जमलं. एकीचं इंग्रजी दहा शब्दांचं, दुसरीला मराठी शून्य, तरी दर मंगळवारी दोघी बसने बाजारात जायच्या. एका मंगळवारी आजीबाई पुढे जाऊन स्टॉपवर थांबल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी फोन केला. सासूबाई आरशासमोर वेणी घालत होत्या. ‘‘आय लेफ्ट, आय लेफ्ट!’’ असं फोनमध्ये सांगून त्यांनी दुसरा पेड हातात घेतला.

स्टॉप आमच्या दारापासून तीन मिनिटांवर. एक बस गेली, दुसरी गेली. निघालेली बाई पोचत नाही म्हटल्यावर आजीबाई घाबरून रस्ताभर शोधत परत आल्या आणि आमची बेल वाजवली. सासूबाईंनीच दार उघडलं, एक हात स्वेटरमध्ये, एक बाहेर.

‘‘हिला सांग गं,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘निघालेच होते मी.’’

बारा चौकोनांतून मी त्यातल्या त्यात जवळचं काढलं, ‘‘शी वॉज जस्ट अबाउट टू लीव्ह.’’

आजीबाईंनी स्वेटरकडे पाहिलं, मोकळ्या बाहीकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘‘माझे यजमानही जन्मभर जस्ट अबाउट टू लीव्हच असायचे.’’ आणि दुसरी बाही धरून उभ्या राहिल्या.