उभी राहिली की तापते

मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात. त्या दिवसांत माझ्या गॅरेजला येणाऱ्या निम्म्या गाड्यांच्या हौद्यात पिवळी धूळ असते. ती पिकअपही तशीच आली. पंधरा वर्षं जुनी, तीन लाखांच्या वर पळालेली, हौद्याच्या फळ्या राजापुरी हळदीनं रंगलेल्या. गाडी पुतण्या चालवत होता आणि शेजारी अण्णा बसले होते. अण्णा साठीच्या पुढचे, मांडीवर गाडीच्या बिलांची पिशवी.

"मिस्त्री, रस्त्याला पळतीय तोवर काय न्हाई. यार्डात लायनीत उभी केली की धा-पंधरा मिनटात काटा लालला जातोय. लाइन जरा जरा सरकतीय, बॅटरी कमजोर, म्हणून बंद बी करता येत न्हाई."

पिशवीतली बिलं मी एकेक करून पाहिली. तीन महिन्यांत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकला होता, इंजिनचं पाणी गार करणारा रेडिएटर जागेवरच आतून धुऊन झाला होता, वरचा होस पाइप आणि रेडिएटरची कॅप बदलली होती. तरी गाडी तापतच होती. शेवटच्या ठिकाणी सांगितलं होतं की हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं, पॅकिंग गेलंय, हेड उतरवावं लागेल. त्या खर्चासाठी अण्णांनी सोसायटीत अर्ज केला होता. हे त्यांनी खाली बघत सांगितलं.

तापणारी गाडी आली की मी आधी एकच विचारतो, कधी तापते? गाडी पळत असली की समोरचा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. उभी राहिली की तो वारा संपतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. त्यातून इंजिन आयडलला, म्हणजे जागेवर नुसतं चालू, सात-आठशे आरपीएमवर, म्हणून पंखाही हळू आणि वॉटर पंपही हळू. पळताना गार आणि उभी राहिली की गरम असं असेल, तर पहिला संशय हवेवर घ्यायचा. एवढं अण्णांच्या पहिल्याच वाक्यात होतं. तीन महिन्यांत ते वाक्य कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं, आणि याचा मला खरंच राग येतो. ज्याची गाडी असते तो रोज तिच्यात बसतो. तो जे सांगतो ते कुठल्याच मशीनला सांगता येत नाही.

तरी हेडचा संशय आधी फेडायला हवा होता, म्हणून गाडी रात्री ठेवून घेतली. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढली आणि गाडी चालू केली. पॅकिंग गेलेलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात. इथं पाणी शांत होतं, त्यावर तेलाचा तवंग नव्हता. डिपस्टिकवरचं ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. सायलेन्सरला पांढरा धूर नव्हता. कॅप लावून वरचा होस दाबून पाहिला. थंड इंजिनात मिनिटाभरात तो दगडासारखा ताठ झाला असता तर मी घाबरलो असतो. तो मऊ होता.

अण्णांना फोन करून सांगितलं की हेडला हात लावायचा नाही. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाले, "मग अर्ज मागं घेऊ का?" मी म्हटलं, घ्या.

दुपारी अण्णा आणि पुतण्या आले तेव्हा गाडी अंगणात आयडलला सोडली. ऊन अडतीसच्या घरात. बाराव्या मिनिटाला काटा लालजवळ गेला. माझ्याकडे लांबून तापमान दाखवणारी गन आहे, ती इंजिनच्या पाण्याच्या तोंडावर धरली तर 104. म्हणजे काटा खोटं बोलत नव्हता. मी गाडी बंद केली आणि टिपण करायला वळलो, तेवढ्यात पुतण्या फडकं गुंडाळून कॅपकडे हात नेत होता. मी ओरडलो. ती कॅप 0.9 किलोचा दाब धरून ठेवते, म्हणून आत पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप उघडली की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. मी एकोणीस वर्षांचा असताना असंच झालं होतं. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत डाग आहे, तो त्याला दाखवला. तो काही बोलला नाही, पण फडकं खिशात घातलं.

आता पंखा. या गाडीला व्हिस्कस फॅन होता. पंख्याच्या मध्यभागी एक चपटी डबी असते, तिच्यात सिलिकॉनचं घट्ट तेल. डबीच्या तोंडाला दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते. रेडिएटरमधून आलेली हवा गरम झाली की गुंडाळी वळते, आतली वाट उघडते, तेल पसरतं आणि पंखा इंजिनच्या फिरण्याला पकडतो. त्या वेळी मोठा घों असा आवाज येतो. गार झालं की तो पकड सोडतो. डबीतलं तेल गळून गेलं तर पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. बघणाऱ्याला वाटतं पंखा चालू आहे.

इंजिन गरम असताना, गाडी बंद करून, मी पंखा हातानं फिरवला. जोर लागायला हवा होता. तो भिंगरीसारखा चार फेरे फिरला. डबीच्या कडेला तेलकट धुळीचं कडं साचलं होतं. मग गाडी चालू करून समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा अर्धा कागद धरला. पंखा ओढत असेल तर कागद चिकटून राहतो. तो सरळ खाली पडला.

नवीन व्हिस्कस बसवला. आयडलला पुन्हा सोडली. बारा मिनिटं गेली, वीस गेली, काटा मध्यावर. अण्णा खुर्चीवरून उठून पैशाची पिशवी काढायला लागले. मलाही वाटलं, झालं.

पस्तिसाव्या मिनिटाला काटा हलला.

त्या क्षणी पोटात कसं होतं ते काम करणाऱ्यालाच कळतं. सापडलेलं कारण खरं होतं, पंखा खरंच मेलेला होता, पण तेवढंच नव्हतं. मी अण्णांना म्हटलं, गाडी आज देत नाही.

रात्री डोक्यात दोन गोष्टी फिरत राहिल्या. एक, पुतण्या पहिल्या दिवशी जाता जाता म्हणाला होता, "गेल्या साली रत्नागिरीहून आंबा भरून येताना आंबा घाटात बी जरा काटा चढला हुता." ते मी कानाआड केलं, कारण उभी राहिली की तापते हे मला जास्त पटलं होतं. घाटात गाडी हळू चढते, तिथं मेलेल्या पंख्यानंही काटा चढू शकतो, पण आता पंखा नवा होता आणि तरी गाडी तापली होती. म्हणजे पाण्याची उष्णता बाहेर पडायलाच वाट अपुरी असावी. दुसरी गोष्ट वासाची. गाडी तापली की बोनेटमधून हळद शिजवल्यासारखा ऊन वास यायचा. हळदीची गाडी, हळदीचा वास येणारच, असं मी धरून चाललो होतो. पण हळद हौद्यात असते, वास पुढून का यावा?

सकाळी पुन्हा वर्तमानपत्र घेतलं. गाडी गरम करून, पंखा घोंघावत असताना, कागद जाळीच्या वरच्या अंगाला लावला तर तो चिकटला. हळूहळू खाली सरकवला. जाळीच्या मध्याखाली आला आणि गळून पडला. परत वर लावला, चिकटला. परत खाली, पडला. रेडिएटरच्या वरच्या टाकीवर गन धरली, 98. खालच्या टाकीवर, 93. एवढा पंखा ओढत असताना पाणी वरून खाली येईपर्यंत जेमतेम पाच अंश उतरत होतं.

आणि समोरून पाहिलं तर जाळी लख्ख! कारण अण्णा दर आठवड्याला वॉशिंगला गाडी धुऊन घ्यायचे, पुढून प्रेशर मारून. पण समोर दिसत होती ती रेडिएटरची जाळी नव्हतीच. आधीच्या मालकानं या गाडीला एसी बसवून घेतला होता. तो बंद पडून कितीतरी वर्षं झाली, गॅस केव्हाच गेलेला, पण त्याचं कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी जाळी, रेडिएटरच्या पुढं तसंच उभं होतं. दोन्हींच्या मध्ये दोन बोटांची फट.

कंडेन्सर सोडवून बाजूला घेतलं आणि मी, अण्णा आणि पुतण्या, आम्ही तिघंही बघत राहिलो. रेडिएटरच्या खालच्या निम्म्या भागावर पिवळी वाकळ पांघरल्यासारखी होती. बोटाच्या पेराएवढी जाड. हळदीची भुकटी, उसाच्या पाचटाचे तुकडे, किडे, इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे वाफ सोडणाऱ्या नळीतून, उडालेलं तेल, सगळं थापून घट्ट झालेलं. हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमजवळ गाडी तासन्‌तास चालू उभी राहायची, पंखा ती धूळ आत ओढायचा. वर आठवड्याला पुढून मारलेलं पाणी कंडेन्सरमधून भुकटी आत ढकलायचं आणि तिचा लगदा करायचं. इतक्या निगुतीनं गाडी ठेवणारा माणूस, आणि त्या धुण्यानंच ती बुजत गेली. हे अण्णांना कसं सांगावं मला कळेना. त्यांचं त्यांनाच कळलं. ते पुढं झाले, नखानं एक तुकडा काढला, तळहातावर चुरला आणि नाकाशी नेला.

रेडिएटर बाहेर काढला. फिन्स, म्हणजे जाळीतल्या पातळ पत्र्या, वाकू नयेत म्हणून प्रेशर लावला नाही. साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि साधी नळी, तीही इंजिनच्या बाजूनं पुढं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं परत जातो. पहिली बादली ओतली तेव्हा अंगणभर हळदीचं पाणी वाहिलं. माझ्याकडच्या पोराचे पाय घोट्यापर्यंत पिवळे झाले. चौथ्या-पाचव्या बादलीनंतर फिन्सच्या आरपार उजेड दिसायला लागला. मला या कामात याहून समाधानाची गोष्ट दुसरी माहीत नाही.

काढून टाकलेल्या जागी 82 अंशाला उघडणारा नवीन थर्मोस्टॅट बसवला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढायची आपल्याकडं सवयच पडलीय. त्यानं दुखणं झाकलं जातं, आणि थंडीत इंजिन पुरतं गरमच होत नसल्यानं डिझेल जास्त जातं. पाण्याऐवजी निम्मं कूलंट, निम्मं स्वच्छ पाणी भरलं, हवा नीट काढली. कंडेन्सर परत लावलं नाही, ते अण्णांनीच भंगारात टाकायला सांगितलं. पुढं उचलून झटकता येईल अशी तारेची जाळी बसवली. दुपारच्या उन्हात दीड तास आयडलला सोडली. तोंडावरचा आकडा 91 च्या वर गेला नाही.

तरी माझं समाधान होईना. दोन दिवसांनी सौद्याला जाताना अण्णा फोन करून म्हणाले, येताय का? मी गॅरेज पोराच्या हवाली केलं आणि यार्डात त्यांच्या गाडीत जाऊन बसलो. पुढं बावीस गाड्या, मागं मोजल्या नाहीत. हौद्यात हळदीची पोती. पुतण्या स्टेअरिंगवर, नजर काट्यावर. वीस मिनिटं झाली असतील, आणि बोनेटमधून एकदम मोठा घों असा आवाज उठला. पुतण्यानं दचकून किल्लीला हात घातला.

"कसला आवाज ओ?"

"राहू दे. पंखा लागला."

त्यानं ही गाडी चालवायला घेतल्यापासून स्टेअरिंगवर बसून तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. दोन-तीन मिनिटांत आवाज उतरला, इंजिन नेहमीसारखं गुणगुणत राहिलं. पुढची गाडी सरकली. अण्णा म्हणाले, "घे फुडं."