एकदाणीचे मणी आणि वाटाण्याएवढा रस

घरच्या घरी सोनं वितळवून ओतायला शिकतोय, त्यात मागच्या खेपेला तांब्यावर थांबलो होतो. आपलं दुकान मोटार रिवायंडिंगचं, त्यामुळे जळालेल्या वाइंडिंगची तार पोत्यानं पडलेली असते. सोन्याच्या सरावाला तांब्यासारखा धातू नाही. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ ला. तांब्याचा गोळा झाला म्हणजे आपला टॉर्च सोन्याला पुरणार, एवढी खात्री होते. बाकी तांबं फार शिकवत नाही. हवा लागली की काळी पापडी धरतं, आणि तारेवरच्या इनॅमलचा धूर डोळ्यांत जातो तो वेगळाच.

मधे खामगावहून १० ग्रॅम चांदी आणली. ९६२ अंशांना ती लोण्यासारखी उतरते, पण वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते आणि गोठताना तो बाहेर थुंकते. तिन्ही पट्ट्यांवर फोड आले. चांदीचं एवढंच.

आता सोनं. मायची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, मागच्या दिवाळीत तुटली, तेव्हापासून १९ मणी बामच्या डबीत पडून होते. सोनाराकडे नेले तर तो मोडीत धरणार, म्हणून ती देत नव्हती. माझ्या हाती द्यायलाही तिला तीन महिने लागले. "अर्ध्या तोळ्याची हाये, ध्यानात ठेव," एवढं बजावून डबी दिली. माझ्या छोट्या डिजिटल काट्यावर मणी भरले ६.४२ ग्रॅम. जुना अर्धा तोळा ५.८३ चा. म्हटलं, मायचा हिशोब कच्चा.

कच्चा माझाच होता. जुने मणी पोकळ असतात आणि चेपू नयेत म्हणून आत लाख भरलेली असते. तसेच मुशीत (धातू वितळवायच्या मातीच्या वाटीत) टाकले असते तर लाख उकळून धूर झाला असता, कोळसा रसात राहिला असता आणि एखादा मणी उडालाही असता. जाळीवर ठेवून लहान ज्योत दाखवली तर भोकांतून काळं डांबरासारखं गळायला लागलं. वास सील लावलेल्या पार्सलचा. वीस मिनिटांनी धूर थांबला. पुन्हा वजन: ४.८७. दीड ग्रॅम लाखच. हे आकडे मी वहीत लिहिले, मायला सांगितले नाहीत.

जागा घरामागच्या सांदवाडीतली, कुटाराच्या (वाळल्या भुश्याच्या) ढिगापासून चांगली लांब. सिमेंटच्या कोब्यावर काम करू नका, धग लागली की त्याच्या कपच्या उडतात. मी तीन विटा मांडून वर पत्र्याच्या ट्रेमध्ये कोरडी वाळू घेतो. शिंतोडा उडाला तर सोनं वाळूत सापडतं. आपल्यातल्या प्रत्येकानं थोडा तरी झारेकरी, म्हणजे सोनाराची माती धुऊन सोनं वेचणारा, असावंच.

सोन्यावर टाकायच्या टाकणखाराबद्दल (बोरॅक्सबद्दल) जरा सविस्तर, कारण पहिला घोळ तिथं झाला. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर, टाकणखार नव्हे. मी आयुर्वेदिक दुकानातून खडे आणले, कुटून मुशीत सोन्यावर भुरभुरले आणि ज्योत मारली. खड्यात पाणी असतं, ते निघताना टाकणखार फुलतो. मण्यांचे दोन तुकडे त्या फुगवट्यावर चढून मुशीच्या काठापर्यंत आले. खोकल्यावर टाकणखाराची लाही चाटवतात ना, ती याचसाठी तव्यावर आधी फुलवलेली असते. आता मीही तेच करतो: लोखंडी तव्यावर लाही, मग खल, मग बाटलीत. त्यातली चिमूटभर आधी रिकाम्या मुशीत वितळवून सगळ्या आतल्या अंगाला काचेसारखी फिरवून घ्यायची. त्याशिवाय सोनं मुशीच्या खरखरीत मातीला धरून बसतं.

पहिली ओत फसली. मणी लाल झाले, नारिंगी झाले, एकमेकांत ढासळले आणि एका क्षणी सगळ्याचा मिळून एक गोळा झाला. वरची जळमटं बाजूला सरली, गोळा आरशासारखा दिसायला लागला, कडेला हिरवट झाक. मूस हलवली की तो पाऱ्यासारखा पळतो. मी खूश होऊन टॉर्च बाजूला ठेवला, सांडशीनं मूस उचलली आणि साच्यावर नेली. बराचसा रस साच्यात पडून दोन तुकडे झाले, उरलेला मुशीच्या चोचीवरच गोठला. साच्यात ३.९६, चोचीवर बाकीचं.

रात्री वहीत गणित मांडलं. जवळपास पाच ग्रॅम सोनं नेहमीच्या तापमानापासून पूर्ण वितळायला जेमतेम १ किलोज्यूल लागतो. तेवढ्यात सव्वातीन मिली पाणी उकळीला येतं, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. सिलिंडरमधला बाकी सगळा गॅस मूस आणि सांदवाडी तापवतो. माझा साचा अँगलचा तुकडा ग्राइंडरनं खाचून केलेला, ३०० ग्रॅम लोखंड. सगळ्या सोन्याची उष्णता त्यानं गिळली तरी तो फार तर सात अंशांनी गरम होतो. रस किती, तर वाटाण्याएवढा. त्यात वितळलेल्या सोन्याचा पृष्ठताण पाण्याच्या पंधरापट, त्यामुळे तो पसरायला तयारच नसतो, गोळी करून बसतो. थोडं सोनं ओतणं हे जास्त सोनं ओतण्यापेक्षा अवघड आहे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पन्नास ग्रॅम ओतणाऱ्याचे व्हिडिओ पाहून पाच ग्रॅमला हात घालू नका. दोन ग्रॅम असेल तर ओतूच नका. कोळशाच्या सपाट ठोकळ्यात चर कोरा आणि चरातच वितळवून गोठू द्या.

चोचीवरचं सोनं काचेसकट कपच्या काढून गरम पाण्यात उकळलं. टाकणखाराची काच हळूहळू विरघळते, खाली दाणे उरतात. एकूण ४.८२ परत मिळालं.

दुसऱ्या वेळी साच्याला जवसाचं तेल चोळून तो धूर येईपर्यंत तापवला. त्यानं ओलही जाते. ओल राहिली तर वाफ रस तोंडावर उडवते, म्हणून चष्मा आणि सुती फुलशर्ट एप्रिलच्या ४४ अंशांतही काढायचा नाही. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा: टॉर्च बाजूला ठेवलाच नाही. मुशीची चोच साच्याच्या खाचेला टेकवली, ज्योत चोचीवर धरली आणि ज्योतीतूनच रस ओतला. डाव्या हातात सांडशी, उजव्यात टॉर्च. मी आठवडाभर मुशीत पाणी घेऊन याचा सराव केला होता, दुकानातली पोरं हसत होती. पट्टी २५ मिलिमीटरची आली, मधे किंचित खळगा, कारण सोनं गोठताना आकसतं. कोमट लिंबूसताच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवल्यावर काळपटपणा गेला. ४.८१ ग्रॅम.

पाण्यात टांगून घनता काढायचाही प्रयत्न केला. शुद्ध सोनं १९.३, बावीस कॅरेट साधारण १७.८. माझा काटा ०.०१ चा, आणि पाण्यातली घट ०.२७ च्या आसपास. एक आकडा इकडेतिकडे झाला की उत्तर जवळपास एका कॅरेटनं हलतं. इतक्या कमी सोन्याला ही रीत बिनकामाची.

मग ऐरणीवर घेतली आणि चौथ्या ठोक्याला कडेला भेग. तापवून विझवली, पुन्हा ठोकली, आणखी दोन भेगा. बावीस कॅरेट सोनं असं वागत नाही.

गावातल्या अण्णांनी पन्नास वर्षं सोनारकी केली, आता नजर गेल्यामुळे बंद आहे. त्यांनी पट्टी बोटांनी चाचपली आणि विचारलं, "शिसं कुठून लागलं रे बापू?" मला एकदम माझं टेबल दिसलं. तिथं दिवसभर डाक देण्याची (सोल्डरिंगची) कथिल-शिशाची तार, तिचे थेंब, तिचा भुगा, आणि तीच कानस, तोच चिमटा मी सोन्याला वापरलेला. शिशाचा कण सोन्याला पुरतो, दाण्यादाण्याच्या मधे जाऊन बसतो आणि सोनं बिस्किटासारखं तुटतं.

उपाय त्यांनीच सांगितला. टाकणखाराच्या लाहीबरोबर चिमूटभर सोरा (पोटॅशियम नायट्रेट). सोरा ऑक्सिजन सोडतो, शिसं-कथिल जळून काचेत जातं. सोरा ग्राफाइटच्या मुशीत घालू नका, तो ती खातो. मातीचीच घ्या. आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. हाच नियम केडीएमच्या दागिन्यांना तर दसपट लागू. त्यांच्या डाकात कॅडमियम असतं, ते ७६७ अंशांनाच उकळतं, म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ तुमच्या छातीत. मी त्याला हातच लावत नाही.

सोऱ्याच्या दोन ओती झाल्या. पहिलीनंतर एक बारीक भेग राहिली, दुसरीनंतर पट्टी १.२ मिलिमीटरपर्यंत ठोकली, कड शाबूत. वजन ४.७६. नवा चिमटा, नवी कानस, दोन्ही वेगळ्या डब्यात. पुढे तार ओढायची, पण अण्णांची जंत्री (तार ओढायची भोकांची पट्टी) त्यांचा मुलगा शहरातून आला की मिळेल.

पट्टी मायच्या हातावर ठेवली. तिनं दोनदा उलटीपालटी केली.

"किती भरली?"

"पावणेपाच ग्रॅम."

"अन् अर्धा तोळा व्हता तो?"

"लाख होती माय, आतमंधी."

तिनं पट्टी त्याच बामच्या डबीत टाकली आणि डबी कमरेला खोचली. जंत्री आली तरी डबी परत कधी मिळेल ते सांगता येत नाही, तोवर तांब्याची तार ओढून पाहतो.