आमची वाटचाल : एमजीबीतलं व्ही-८

मी मूळचा कोल्हापूरचा, शिरोलीच्या एका मशीन शॉपमध्ये लेथवर तयार झालेला. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत गॅरेज टाकलं तेव्हा ऑइल, ब्रेक पॅड, एमओटी (गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी) एवढ्यावरच भागत होतं.

मग एक गृहस्थ त्यांची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, घेऊन आले. दुसऱ्या कुणीतरी त्यात रोव्हर या ब्रिटिश कंपनीचं साडेतीन लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवून दिलेलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी भन्नाट पळायची, पण ट्रॅफिकमध्ये अडकली की तापायची. इंजिनात काही खोट नव्हती. बाकीची गाडी मात्र मूळच्या १८०० सीसी इंजिनाच्या मापाचीच राहिली होती. ती मार्गी लावली आणि आमच्या धंद्याची दिशाच बदलली.

व्ही-८ म्हटलं की गाडीचं तोंड जड होणार, असं लोक धरून चालतात. हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं, ॲल्युमिनियमचं. रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले. एमजीबीच्या बिडाच्या चार सिलिंडरपेक्षा ते जड भरत नाही. ब्रिटिश रेसर केन कॉस्टेलो यांनी ही जोडी आधी जमवून दाखवली, मग १९७३ मध्ये कंपनीनेच जीटी व्ही-८ काढली : ३५२८ सीसी, १३७ बीएचपी.

इंजिन आत उतरवणं हे अर्धंच काम. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारे पाइप) स्टिअरिंगच्या दांड्याला भिडायला बघतो; तिथली बोटभर फट मिळवण्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. रेडिएटर पुढे घ्यायचा, त्याला दोन इलेक्ट्रिक पंखे. पुढे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर. मागचा ३.९ गिअर रेशोचा एक्सल तसाच ठेवला तर मोटरवेवर इंजिन उगाच ओरडत राहतं, म्हणून कंपनीच्या व्ही-८ सारखा ३.०७ चा. ब्रॅकेट आम्ही घरच्या लेथ-मिलिंगवरच करतो, तो कोल्हापूरचा हात आहे.

हा सगळा खर्च पहिल्याच भेटीत कागदावर मांडतो. ‘नुसतं इंजिन टाकून द्या’ म्हणणाऱ्याचं काम घेत नाही. त्यापायी गिऱ्हाइकं गेली, तरी हे धोरण सोडलेलं नाही. ब्रेक अपुरे असलेली वेगवान गाडी माझ्या गॅरेजमधून बाहेर पडणार नाही. डीव्हीएलएला (तिथल्या वाहन नोंदणी खात्याला) इंजिनबदल कळवणं, विमा, हिशेब हे सगळं माझी पत्नी बघते. तिच्याशिवाय हे गॅरेज चाललंच नसतं.

सध्या लिफ्टवर रबर बंपरवाली १९७६ ची एमजीबी आहे. मालकांना पाच गिअर हवेत, त्यामुळे रोव्हर एसडी-१ गाडीचा गिअरबॉक्स घेतलाय आणि त्याखालचा क्रॉसमेंबर (त्याला आधार देणारा आडवा पट्टा) नव्याने बनवतोय.