घरक्रमांक नसलेल्या खोल्यांतली मुलं

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, आमच्या वाड्याला, म्हणजे वस्तीला, लागून भाड्याच्या खोल्यांची एक लांब ओळ आहे. गदग, विजयपूर, सोलापूर, थोडे सावंतवाडीकडचे. पुरुष औद्योगिक वसाहतीत हेल्पर, बायका बांधकामावर. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तरी सकाळी दहाला नळावर मुलं भांडी घासताना दिसायची. एका रविवारी दारोदार जाऊन मोजली. सहा ते चौदा वयाची अकरा मुलं घरी होती.

"कागद नाहीत, ताई," आया म्हणाल्या. शाळेने जन्मदाखला, आधीच्या शाळेचा दाखला आणि राहण्याचा पुरावा मागितला होता. पुरावा आणणार कुठून? खोल्यांना घरक्रमांकच नाही. आणि भाडेकरार लिहून दिला तर उद्या ही माणसं जागेवर हक्क सांगतील, या भीतीने घरमालक सही करत नव्हता. मुलांची शाळा जमिनीच्या भांडणात अडकली होती.

मी शिक्षण हक्क कायदा, २००९ काढून बसले. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. कलम ५ प्रमाणे जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला थांबवून ठेवता येत नाही. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना काम एका दिवसाचं, असं मला वाटलं. प्रत घेऊन एकटीच शाळेत गेले. "वर विचारून सांगतो." आठ दिवसांनी पुन्हा तेच.

तेव्हा माझी चूक मला कळली. मुलं त्यांची, आणि बोलत होते मी.

पुढच्या रविवारी संध्याकाळी खोल्यांसमोर चटया टाकल्या. लमाणी बायका सुरुवातीला गप्प होत्या. कन्नड आणि मराठी दोन्ही येणारी सोलापूरची एक सून मधे बसली आणि मग बोलणं सुरू झालं. प्रत्येक आईने मुलाच्या वयाचं स्वयंघोषणापत्र केलं. लिहिता येत नव्हतं त्यांचं आम्ही लिहिलं, वाचून दाखवलं, मग अंगठा घेतला. अंगणवाडीच्या सेविकेने जुनी नोंदवही उघडली, तर चार मुलांची नावं तिथेच सापडली. कुणी खाडा करायचा तेही ठरवलं, कारण एक दिवस गेला की रोज बुडतो. पाच जणी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेल्या. अर्ज त्यांनी स्वतः दिला आणि पोच मागून घेतली. चार दिवसांत शाळेतून बोलावणं आलं.

वाड्यावर कुरकुर झाली. "भायल्यांची, बाहेरून आलेल्यांची, मुलं भरून आमच्या शाळेचं काय होणार?" मला हे फार लागलं. गोव्यात पट कमी म्हणून सरकारी प्राथमिक शाळा बंद पडताना आपण पाहतो आहोत. आपली स्वतःची मुलं तर कधीच दुसरीकडे गेली. ही अकरा आली नाहीत तर आपल्याही शाळेला कुलूप लागेल, हे मी प्रत्येक घरी बसून सांगितलं. सगळ्यांना पटलं नाही.

नऊ वर्षांच्या एका मुलीला अक्षरओळख नव्हती. तिला पहिलीत बसवायचं चाललं होतं. कायदा वयानुरूप वर्गात घ्या, वेगळं शिकवा म्हणतो. आता ती चौथीत आहे. शाळा सुटल्यावर बाई तिला अर्धा तास घेऊन बसतात.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. खोल्यांतल्या दोघी निवडून आल्या. त्यांची पहिली मागणी होती, बैठक कामाच्या दिवशी सकाळी नको, रविवारी घ्या. मान्य झाली.

घरक्रमांकाचं मात्र अडलेलंच आहे. ते ग्रामसभेत मांडायचं, तर तिथे बसायला पंचायतीच्या मतदार यादीत नाव लागतं, आणि त्या खोल्यांतल्या तिघींचीच नावं आहेत. ऑक्टोबरच्या सभेला तिघी आल्या. एकीने उभं राहून नळाच्या पाण्याचं विचारलं, आणि सचिवाने ते इतिवृत्तात लिहून घेतलं.