विंडोज ९८, पंचिंगचं मशीन आणि आयआरक्यू ५

गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे, सोलापुरात पारा ४३ च्या आसपास होता आणि सकाळी साडेनऊलाच अण्णांचा फोन आला की पंचिंगचा कॉम्प्युटर बंद पडलाय, डिझाइनचे मास्तर हातावर हात ठेवून बसलेत, बाकीची कामं सोड आणि आधी इकडं ये. अण्णांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचा कारखाना आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चादरीवर जे मोर-फुलं दिसतात ना ते जॅकार्डमुळं. मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते, कार्डाला भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तिचे उभे धागे वर उचलले जातात, भोक नसेल तिथले खालीच राहतात, आणि एक आडवा धागा म्हणजे एक कार्ड. फ्रान्समध्ये जाकारनं १८०४ च्या सुमाराला बसवलेली ही पद्धत. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड पण आलेत, पण अण्णांकडं अजून कार्डंच चालतात आणि ती कार्डं पाडणारं, म्हणजे पंचिंगचं मशीन एका पेंटियम थ्रीच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलंय. एका हॉटेलच्या टॉवेलची ऑर्डर होती, नाव विणून द्यायचं होतं, म्हणजे कार्डं पडल्याशिवाय माग चालू होणार नाही.

गेलो तर स्क्रीनवर डिस्क बूट फेल्युअर आणि आतनं टिक टिक आवाज. अण्णा म्हणाले, "अरे नवीन घेऊ की, तीस-चाळीस हजार गेले तर गेले." मी म्हटलं अण्णा, पैशाचा प्रश्नच नाही ओ. मशीनचं जे कंट्रोलर कार्ड आहे ते आयसा या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं, कार्ड बसवायचा तो लांब काळा स्लॉट आजकालच्या मदरबोर्डवर येतच नाही. वर त्याचा प्रोग्राम पोर्टशी थेट बोलतो, ते विंडोज ९८ करू देतं, एक्सपी पासून पुढं प्रोग्रामला तसं थेट हात घालू देत नाहीत. म्हणजे जुना बोर्ड जगवायचा आणि त्यावर ९८ च चढवायचं, एवढाच रस्ता. "भंगारात टाका" म्हणणारे लोक असतात त्यांचा मला खरंच राग येतो, कारण त्या डिस्कवर मास्तरांची वीस वर्षांची डिझाइनं होती आणि ती दुसरीकडं कुठंच नव्हती.

म्हणून आधी डिस्क वाचवायची. १० जीबीची आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची डिस्क काढली, कन्व्हर्टरनं लॅपटॉपला लावली आणि लिनक्समध्ये डीडी-रेस्क्यू हे डिस्क वाचवायचं टूल चालू केलं. हे आधी चांगला भाग वाचून घेतं आणि खराब सेक्टरला शेवटी हात लावतं, मरत्या डिस्कला तसंच वागवावं लागतं. दीड वाजेपर्यंत ते चाललं. तोवर कॅबिनेट उघडलं तर आत सुताच्या भुग्याची अक्षरशः गादी, एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा पंखा जाम, ब्लोअर मारला, बोर्डावरचे कपॅसिटर एकेक बघितले, कुणाचंच डोकं फुगलेलं नव्हतं, जीव भांड्यात पडला. बॅटरी गेलेली, २०३२ चा नवीन सेल टाकला.

इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी कॉपी, निघाली. डिझाइनचा फोल्डर तीन फाईली सोडून पूर्ण आला, विंडोजच्या फाईलींची मात्र वाट लागलेली, म्हणजे नव्यानं इन्स्टॉल. त्या तिन्हींचा ग्राफ पेपर मास्तरांच्या कपाटात होता. अण्णांनी पण विंडोजचं ओरिजिनल पुस्तक जुन्या खातेवह्यांबरोबर जपून ठेवलेलं, त्यावर इन्स्टॉल करताना लागणारी प्रॉडक्ट की होती.

माझ्याकडं ४० जीबीची आयडीई डिस्क होती, ती लावली तर बायोस, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना पहिला चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, डिस्क ओळखायलाच अडकला. त्या काळातल्या बऱ्याच बायोसना ३२ जीबीच्या वरची डिस्क झेपत नाही. डिस्कच्या मागं एक जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी असते, तो लावला की डिस्क स्वतःला ३२ चीच सांगते. लावला, लगेच पुढं गेला. मग बूट फ्लॉपी, पहिल्या दोन वाचल्याच नाहीत, तिसरी चालली. एफडिस्कनं ८ जीबीचं पार्टिशन, फॉरमॅट, आणि सेटअपच्या आधी स्मार्टड्राइव्ह हा डिस्कचं काम वेगानं करणारा डॉसचा प्रोग्राम चालवला, नाहीतर डॉसमधनं कॉपी व्हायला संध्याकाळ झाली असती. सीडीवरचा विन९८ फोल्डर आधी हार्डडिस्कवर टाकून तिथनंच सेटअप चालवला, म्हणजे पुढं ड्रायव्हर टाकताना सारखी सीडी मागत नाही. हार्डवेअर शोधताना एकदा तो गोठला, तेव्हा घाबरायचं नसतं, बंद करून परत चालू केलं की जिथं अडकला ती पायरी टाळून तो पुढं जातो. प्रोग्राम आणि डिझाइनं सीडीवर टाकून आणली कारण ९८ ला पेनड्राइव्हचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो.

चार वाजता प्रोग्राम उघडला, प्रिंटर पोर्टवरचं डोंगल, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणारी किल्ली, ओळखलं, आणि मेसेज आला की मशीन सापडत नाही.

इथं मी दोन तास घालवले. केबल बदलली, कार्ड काढून खोडरबरनं त्याचे सोनेरी दात पुसले, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं, तरी तेच. मास्तर शेजारी उभे, चहा दोनदा आला आणि दोनदा गार झाला. शेवटी कार्डावरचे जंपर टॉर्च लावून नीट वाचले तर त्याचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायचा नंबर, ५ ठरलेला होता. हे कार्ड प्लग अँड प्लेच्या आधीचं, ते कुणाला सांगत नाही की ५ माझा आहे, आणि ५ मोकळा दिसला म्हणून तो साउंड कार्डाला देऊन टाकलेला. आधी हे बायोसमध्ये नोंदवलेलं असणार, बॅटरी गेली तशी ती सेटिंगही गेली. बायोसमध्ये जाऊन ५ ला लेगसी आयसा केलं, म्हणजे जुन्या कार्डासाठी राखून ठेवलं, आणि साउंड कार्ड काढूनच टाकलं, त्या खोलीत मागांच्या आवाजात गाणी ऐकणार कोण.

परत चालू केलं. मशीननं खट् केलं आणि दिवा लागला. मास्तर काहीच बोलले नाहीत, फक्त पुठ्ठा सरकवला.

नेट मी त्याला मुद्दाम लावलं नाही, ९८ चा सपोर्ट ११ जुलै २००६ ला संपलाय आणि त्या मशीनला नेटचं काम पण नाही. इमेजच्या दोन कॉपी केल्या, एक अण्णांच्या घरी, एक माझ्या दुकानात. आयआरक्यू ५ चं कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

मास्तरांनी आधी हॉटेलचं नाही, एक जुनं मोराचं डिझाइन घेतलं. पहिलं कार्ड पडलं तसं कपाटातनं त्याच नंबरचं वर्षानुवर्षं वापरून मऊ झालेलं कार्ड काढलं, दोन्ही एकावर एक धरून ट्यूबलाइटकडं बघितलं. सगळ्या भोकांतनं उजेड येत होता. मग म्हणाले, "आता हॉटेलचं लाव."