मुठीत दडलेला अंगठा

अमेरिकन सांकेतिक भाषेच्या बोटलिपीत ए, एस, टी, एन आणि एम ही पाचही अक्षरे मूठ वळूनच दाखवली जातात. अंगठा तर्जनीच्या कडेला टेकला की ए, मिटलेल्या बोटांवरून आडवा आला की एस आणि तर्जनी व मधले बोट यांच्या बेचक्यातून डोकावला की टी. तोच दोन बोटांखाली गेला तर एन, तीन बोटांखाली गेला तर एम. हालचाल टिपणाऱ्या कोणत्याही उपकरणाची परीक्षा घ्यायची तर या पाच मुठींपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

2013 मध्ये बाजारात आलेले लीप मोशन हे छोटेसे उपकरण टेबलावर ठेवतात. त्यातील दोन कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाशात वर धरलेल्या हाताकडे खालून पाहतात आणि सॉफ्टवेअर बोटांच्या हाडांची जागा व दिशा सांगते. लगतच्या दोन हाडांमधला कोन काढला की तो सांधा किती वाकला आहे हे कळते. पसरलेल्या पंजाची मोजणी अशा रीतीने चांगली होते. मूठ वळली की मात्र अंगठा कॅमेऱ्याआड जातो, सॉफ्टवेअर हाताच्या ठरावीक नमुन्यावरून अंदाज बांधू लागते, आणि गंमत म्हणजे तो अंदाजही पडद्यावर प्रत्यक्ष मोजमापाच्याच थाटात उमटतो.

अमेरिकन सांकेतिक भाषेचे अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये खुणेचे हाताचा आकार, जागा आणि हालचाल असे घटक वेगळे करून दाखवले. आकाराची मोजणी त्या विश्लेषणाशी जोडली नाही तर हाती नुसते आकडे उरतात, कारण तर्जनी दहा अंश कमी वाकली तरी अक्षर तेच राहते आणि अंगठा एका बोटाने सरकला की अक्षर बदलते.

भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी मुळाक्षरे बहुतांशी दोन हातांनी दाखवतात, त्यामुळे इथे एक हातच दुसऱ्याला झाकतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश 2021 मध्ये 10,000 शब्दांपर्यंत पोहोचला. त्यातील चित्रफिती शिकणाऱ्याला पुरतात, पण सांध्यांचे कोन मोजायला त्या अपुऱ्या आहेत. सेन्सर बसवलेल्या हातमोज्याला झाकल्या गेलेल्या बोटांची अडचण नसते, मात्र मोजा सैल असला की आकडे हलतात आणि घट्ट असला की खूण अवघडते. म्हणून दोन बाजूंनी कॅमेरे लावावेत आणि प्रत्येक नोंद कोणत्या आकाराची, हे लहानपणापासून ही भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीकडून आधी ठरवून घ्यावे. यंत्राचे आकडे त्यानंतर तपासावेत.